शब्दाला एक माणूस

—न्हाई, न्हाई, अण्णा, तोंड उघडू नका. डॉक्टरनं काय सांगितलंय, तासभर बोळा घट्ट दाबून धरायचा. बोललात की बोळा हलला, बोळा हलला की रक्त आलं, रक्त आलं की पुन्हा त्या खुर्चीत — आणि ती खुर्ची बघून तुमचं तोंड कसं झालतं ते मी बाहेरच्या बाकावरून बघितलंय. तवा बसा निवांत. इकडं टेका, पाठीला लोड घ्या. मान हलवली तरी मला कळतंय — हाव म्हणायचं तर खाली, न्हाई म्हणायचं तर आडवी. व्याह्या-विहिणीला याच्यापेक्षा जास्त काय बोलायचं असतंय? एरवी तुमी बोलता, मी पदर सावरून ऐकते. आज जरा उलटं.

वर्षा? आत हाय की. थापा ऐकू येत न्हाईत का — थप, थप, थप — भाकरी करायली. बापानं कशाला हाक मारायची, काम उरकू द्या. तुमी काल संध्याकाळी आलात तेव्हाच सांगितलंत, उद्या दुपारच्या देगलूरच्या गाडीनं लेकीला धर्माबादला नेतो, महिनाभर ठेवून घेतो, चार गोष्टी नीट समजावतो, मग आणून सोडतो. मालकांनी मान डोलावली. दोघा बाप्यांनी चहा संपायच्या आत ठरवून टाकलं. मी काय बोलले? काय न्हाई बोलले. मी चिक्की आणून ठेवली. संक्रांतीची, तिळाची — यंदा पाक जरा पुढं गेला, कडक झाली — तुमी खाल्लीत, आणि मग तो दात. आता मला काय ठाऊक तुमचा दात दुखायलाय म्हणून. म्हणजे — गाल सुजलेला दिसत होता, ते एक. पण पाव्हण्यापुढं ताटली करायची न्हाई का, सांगा.

तर वीरण्णाचा फोन आला तुमाला. आला ना? नुसते डोळे मिटा, कळलं. वीरण्णा म्हणजे तुमचे मावसभाऊ, आमच्या घरासमोर त्यांचं किराणा दुकान — त्यांनीच ही सोयरीक जुळवली, त्यांचा शब्द तुमाला खरा वाटणारच. त्यांनी सांगितलं, तुमची लेक गल्लीला इंग्रजीत शिव्या देती, सासू-सासऱ्यालासुद्धा सोडत न्हाई. आणि तुमी मिरचीची पोती तशीच आडतीवर टाकून गाडीत बसलात. शिव्या असत्या तर मी गप बसले असते का ओ? माझं तोंड काय तुमाला नवं हाय? शिव्या न्हाईत, अण्णा. अभ्यास हाय तो. ऐका, पहिल्यापासून सांगते, वेळ हाय आपल्याकडं. बोळा दाबा.

ती बँकेच्या ऑफिसरची परीक्षा, तुमाला माहीतच हाय. दोनदा बसली. गणितात पुढं, बाकी सगळ्यात पुढं, आणि दोन्ही वेळेला इंग्रजीनं पाय ओढला. त्यात तिचा तरी काय दोष — तुमी तिला धर्माबादला मराठी शाळेत घातली, इंग्रजी पाचवीपासून, ते बी मास्तर आले तर. साधं इंग्रजी येतंय तिला. पण परीक्षेवाले साधं विचारत न्हाईत, अवघड-अवघड शब्द काढतात, गोऱ्या साहेबांनीबी कवा तोंडात घेतले नसतील असले. मालक म्हणले, आता एकदाच, शेवटचं, मग पुरे. ह्या खेपेला न्हाई झालं तर पोरगी घरात बसली म्हणून समजा. — कवा हाय परीक्षा? हाय की, ह्याच महिन्यात हाय. तारीख-बिरीख मला कुठली कळती.

तर लातूरचे कोणी सर हायत, मोबाईलवर शिकवतात. त्यांनी सांगितलं, नवा शब्द नुसता घोकला तर पारव्यासारखा उडून जातोय. त्याला ओळखीच्या माणसाला बांधून टाका. एका शब्दाला एक माणूस. माणूस डोळ्यापुढं आला की शब्द आपोआप आला. झालं, आमच्या सुनेनं गल्ली धरली. मला काय पत्ता? मी सकाळी इष्टलिंगाची पूजा करून उठते तर ही चुलीपुढं — गॅसपुढं — तोंडातल्या तोंडात पुटपुटायली. मला वाटलं, वा, सून जप करायली. कान दिला, तर जपात वीरण्णा. म्हणलं हे कोणतं स्तोत्र ओ, ज्यात किराणावाला येतोय? 'वीरण्णाकाका पार्सिमोनियस, वीरण्णाकाका पार्सिमोनियस.' हात धरून विचारलं. आधी घाबरली, मग सांगितलं. पार्सिमोनियस म्हणजे चिक्कू. नुसता चिक्कू न्हाई, ज्याच्या हातून कायबी सुटत न्हाई असा. मी म्हणलं, अगं, मग बरोबर हाय की.

तुमचे मावसभाऊ हायत, तुमाला राग येईल, पण तुमीच सांगा. तो माणूस सकाळी देवापुढं उदबत्ती लावतोय, अर्धी जळली की चिमटीनं विझवतोय, उरलेली संध्याकाळच्या आरतीला. मी माझ्या डोळ्यानं बघितलंय. देवाला बी अर्धाच वास. — हसू नका, बोळा हलंल.

मग काय, माझंच मन लागलं. शब्द तिनं आणायचा, माणूस मी काढून द्यायचा. ती भाकरी थापत थापत विचारायची, अत्या, जो कुणी काय म्हणंल त्याला होच म्हणतोय, दोन्हीकडं मान हलवतोय, असा कोण हाय? मी म्हणायची, लांब कशाला जातीस, तुझा नवरा. — खोटं न्हाई ओ, माझं लेकरू हाय, पण शिवप्रसाद बापापुढं 'नको ती नोकरी' म्हणतोय आणि बायकोपुढं 'तू कर गं परीक्षा'. त्याचा शब्द अँबिव्हॅलंट. माझ्या तोंडी आता तो असा बसलाय, बघा, एका दमात आला. इतकी वर्षं मी ह्या ओट्यावर बसून माणसं बघितली, कोण कसा चालतोय, कोण कुणाच्या पाठीमागं काय बोलतोय — लोक म्हणायचे गौरम्माला काम न्हाई. आता बघा, सगळं कामाला आलं. शब्द पुस्तकात होते, माणसं माझ्याकडं होती.

आणि मालक — दुकानाच्या पाटीवर महादेवप्पा लिहिलंय ते वाचा, मी नाव घेत न्हाई. लग्नापासून 'अहो, ऐकलं का' वर भागवते. बाजारात गर्दीत हरवले तर हाक कशी मारायची म्हणून मी बांगड्या वाजवत हिंडलेय. आता त्यांना शब्द मिळाला. ऑब्स्टिनेट. हेकट. धरलं ते सोडायचं न्हाई. मी सकाळी म्हणले, ऑब्स्टिनेट, चहा घ्या. आधी बिचकले. म्हणले, काय म्हणलीस? म्हणलं, इंग्रजी हाय, म्हणजे शब्दाचा पक्का. लई खूष. आता कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक भाव करायला लागलं की म्हणतात, 'हे बघा, मी ऑब्स्टिनेट माणूस हाय, एक पैसा कमी होणार न्हाई.' शिकलेलं गिऱ्हाईक असलं की मान डोलावतंय, म्हणतंय हो, दिसतंय. घरात भांडण न्हाई, तंटा न्हाई, माझी मात्र सोय झाली. आता यात शिवी कुठं हाय, दाखवा मला.

चूक एवढीच झाली की वीरण्णाच्या बाबतीत — थांबा, पाणी न्हाई अजून, डॉक्टरनं न्हाई म्हणलंय — वीरण्णाच्या बाबतीत जरा जास्त झालं. म्हणजे त्यांनी ऐकलं. मी साखर आणायला गेलते, ताजव्यात एक चिमूट जास्त पडली ती त्यांनी दोन बोटांनी उचलली, आणि माझ्या तोंडातून गेलं, 'काय पण पार्सिमोनियस माणूस हाय ओ तुमी.' ते म्हणले, म्हणजे काय? आता मी काय सांगणार होते? खरं सांगायचं? तुमी असता तर काय केलं असतं? मी म्हणलं, म्हणजे चोख. वजनाला चोख, व्यवहाराला चोख. असलं माणूस आता लंडनलाबी मिळत न्हाई. त्यांनी कागदाच्या पुडीवर लिहून घेतलं. मी साखर घेऊन घरी आले. विसरले सुद्धा.

आता जरा मान वर करा. वर. तुमच्या डोक्यावर, खिळ्याला. दिसलं? नव्या वर्षाचं कॅलेंडर, वीरण्णानं गल्लीत घरोघर वाटलंय. महादेवाच्या फोटोखाली काय छापलंय? वाचा मनातल्या मनात — 'उदगीरमधील एकमेव पार्सिमोनियस किराणा दुकान. एकदा अनुभव घ्या.' कॅलेंडर फुकट वाटलं, त्या माणसानं, फुकट. सगळी गल्ली चकित झाली. मी तेव्हाच देवाला हात जोडले. सून तर स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून हसायली, मग रडायली, अत्या हे काय केलंत, आता माझ्यावर येणार. मी म्हणलं, ह्या उदगिरात ते कोण वाचणार हाय. आणि आमच्या घरातच न्हाई, अण्णा, न्हाव्याच्या दुकानात, पिठाच्या गिरणीत, एसटीच्या चौकशीच्या खिडकीत बी लटकलंय. जाताना बघा.

मग तर रांगच लागली. बायका म्हणायच्या, वीरण्णाला शब्द दिलात, आमाला का न्हाई? आमी काय परके? एक तर घुगऱ्या घेऊन आली, बारशाला आणतात तशा. म्हणली, वर्षाराणीकडून मला बी एक इंग्रजी नाव ठेवून घ्या, जरा भारीतलं. सून अभ्यासाला वर गच्चीवर. मग मीच ओट्यावर बसायची, एकेकीच्या कानात कुर्र करून शब्द सांगायची. मी खोटा शब्द एकीलाबी दिला न्हाई, हे शपथेवर सांगते. शब्द ज्याचा त्याला बरोबर. अर्थ मात्र — अर्थ जरा साखर लावून. नागुबाईचं दुखणं कवा संपलंय का? आज गुडघा, उद्या छाती, परवा कानात वारं जातंय. तिला दिला हायपोकाँड्रिॲक. म्हणलं, म्हणजे नाजूक तब्येतीची, घरंदाज. ती सरकारी दवाखान्यात गेली आणि डॉक्टरलाच म्हणली, 'साहेब, मी हायपोकाँड्रिॲक हाय, लिहून घ्या.' डॉक्टर म्हणला, मावशी, पहिल्यांदा कुणीतरी खरं सांगितलं. ती अजून सगळ्यांना सांगती, मोठ्या डॉक्टरनं मान्य केलं म्हणून.

हसा हसा, पण ओठ मिटून.

आता तुमच्या लक्षात आलं असंल, पोरीचा यात काय हात हाय? ती वर, पुस्तकात. शब्द वाटले मी. — हां. म्हणजे ते तसं झालं खरं. तुमाला सांगायचं नव्हतं, पण निघालं तोंडातून. वीरण्णानं तुमाला सांगितलं सुनेनं केलं, कारण माझं नाव घ्यायची त्याची छाती न्हाई. झालं काय, लातूरहून चहापत्तीचा माल घेऊन एक पोऱ्या येतोय, एजंट, चार पुस्तकं शिकलेला. त्यानं गल्ल्यामागचं कॅलेंडर वाचलं आणि खाली बसून हसला. वीरण्णानं विचारलं, का हसतोस? त्यानं मोबाईलमध्ये अर्थ काढून दाखवला, मराठीत. त्या दिवशी दुकान लवकर बंद. त्या दिवशीच तुमाला फोन. कॅलेंडरं मागायला घरोघर गेला तो, पण कुणी परत देत न्हाई — म्हणतात, राहू द्या, महादेवाचा फोटो चांगला हाय.

अण्णा, ते मनगटावरचं घड्याळ बघू नका. गाडीला अवकाश हाय. तुमाला तुमचा शब्द ऐकायचा न्हाई का? तुमचा बी हाय की. बघा, डोळे कसे मोठे झाले. सांगते. आधी एकीचं सांगते, तिचा शब्द आमाला लई दिवस जमत नव्हता.

एक शब्द आला, अल्ट्रुइस्टिक. म्हणजे दुसऱ्याचं करायचं आणि त्यात आपलं कायबी बघायचं न्हाई. सून म्हणली, अत्या, माणूस द्या. मी सगळी गल्ली पालथी घातली. जो देतो तो पाटी लावतो. जी करती ती सांगत हिंडती. मी तर माझं नाव बी पुढं केलं, सून नुसती हसली. तीन-चार दिवस तो शब्द तसाच मोकळा फिरला घरात. मग एका संध्याकाळी मी वर चहा घेऊन गेले. गच्चीवर दोघी — आमची वर्षा आणि समोरच्या वाड्यातली, न्हाई, वाडा कसला, त्या नव्या बिल्डिंगमधली प्रियदर्शनी. तलाठी हाय ती, बुद्धवाड्यातून शिकून वर आली, नोकरी लागून बी झाली. तिला आता कशाला हवंय पुस्तक? दिवसभर सात-बाऱ्यात डोकं घालून येती, आणि तोंड धुऊन आमच्या पोरीची तयारी घ्यायला गच्चीवर. वर्षभर. एकदाबी चहाशिवाय काय घेतलं न्हाई. मी कप खाली ठेवला आणि म्हणलं, वर्षा, हा घे तुझा अल्ट्रुइस्टिक. समोर बसलाय आणि तू गल्लीत हुडकायलीस. — तुमच्या कपाळाला आठी का आली? दुखतंय का? दुखतच असंल. दातामुळंच असंल.

आणि माझा शब्द. तो तर सूनच सांगंना. मी विचारलं की म्हणायची, तुमचा अजून आला न्हाई, अत्या. आता मी काय येडी हाय का? सगळ्या गल्लीचा आला आणि रोज जिच्या हातचं खाती तिचा आला न्हाई? मला वाटलं, बडबडीला काहीतरी शब्द असंल, तो दिला असंल. एवढं बोलते मी, मला ठाऊक हाय. शेवटी प्रियदर्शनीला धरलं जिन्यात. ती सरकारी माणूस, खोटं बोलता येत न्हाई तिला. म्हणली, मावशी, तुमचा शब्द इनकॉरिजिबल. म्हणजे काय गं? म्हणली, म्हणजे कुणी कितीबी सांगितलं, कितीबी शिकवलं तरी जी सुधारायची न्हाई ती. मी जिन्यातच बसले. मला वाटलं राग यावा. न्हाई आला ओ. सासूनं मला ओट्यावर बसू नको म्हणलं, मी बसले. मालकांनी हसू नको म्हणलं, मी हसले. कुणीतरी नीट बघितलं म्हणायचं मला. त्या दिवशी सुनेला मी तुपातली पोळी केली.

म्हणून म्हणते, पोरीला परीक्षेला बसू द्या. ती पास झाली की लांब कुठंतरी नेमणूक येणार — येऊ दे. जितकी लांब तितकी बरी. फॉर्मवर मीच तिला म्हणलं, जवळचं टाकू नको, लांबचं टाक, कोकणात टाक, गोव्याकडं टाक. शिवप्रसाद काय, तो दुकान सोडून येत न्हाई आणि येत बी — अँबिव्हॅलंट. मग नव्या गावात पोरीनं एकटीनं राहायचं का? कुणीतरी संगट लागतंय. स्वयंपाकाला, दार उघडायला. मी म्हणलं, मी येते. म्हणजे मालकांना अजून सांगितलं न्हाई. तुमी बी सांगू नका. माझी पिशवी तशी — पिशवी तयारच असती माझी. तुमाला हसू येतंय, पण खरं सांगू का अण्णा? ह्या गल्लीतली माणसं संपली. शब्द अजून ढीगभर शिल्लक हायत आणि माणूस न्हाई. तेच वीरण्णा, तीच नागुबाई. नवी गल्ली पाहिजे, नवा ओटा पाहिजे, कोण कसा चालतोय ते पहिल्यापासून बघायला पाहिजे. लग्न होऊन मी उदगिरात आले ती इथंच हाय. देगलूरच्या पुढं कवा गेले न्हाई, धर्माबादला तुमच्याकडं आले ती बी कार्यापुरती, तोंड बघून परत.

बरं, तुमचा शब्द. ऐका. मॅग्नॅनिमस. म्हणजे लई मोठ्या मनाचा. लहान-सहान गोष्ट पोटात घालणारा, झालं गेलं सोडून देणारा, सगळ्या पंचक्रोशीनं ज्याचं नाव घ्यावं असा. बसला का? छाती फुगली, दिसलं मला. सुनेनं — न्हाई, खरं सांगायचं तर आधी तुमचा दुसराच होता. जरा बारका होता. गुलिबल म्हणून. कुणीबी काय सांगितलं की खरं मानणारा. म्हणजे बघा, वीरण्णानं एक फोन केला आणि तुमी देगलूरची गाडी धरली, पोरीला एक शब्द न विचारता. म्हणून होता. पण मी म्हणलं, न्हाई गं, बापाला असं न्हाई. पहाटे जाताना तिला म्हणलं, जीपमध्ये बसायच्या आत बदल तो, अण्णांचा मॅग्नॅनिमस कर, पेपरात आला तर तोच आठवू दे—

काय झालं?

जाताना म्हणजे — जाताना म्हणजे न्हाणीला जाताना.

बसा ओ. उठू नका असं झटक्यात, चक्कर येईल, रिकाम्या पोटी सुई टोचलीय तुमाला. बसा. कुठं निघालात, आत? आत काय बघायचंय? भाकरी थापायचा आवाज येतोय की अजून. — अगं रेणुका, बाहेर ये बाई. ये, ये, लपू नको आता. ही रेणुका, आमच्या दूधवाल्या ग्यानोबाची घरवाली. सकाळपासून थापायली बिचारी. पीठ संपलं तरी थापायली. मीच सांगितलतं, पाव्हणे बाहेर हायत तोवर हात थांबवू नको. भाकरीचा डोंगर झाला असंल आत.

हाव. गेली. नांदेडला गेली, पहाटे, मुखेडवरून. परीक्षा आज हाय. संगट प्रियदर्शनी हाय, रजा टाकली तिनं. शिवप्रसादला म्हणलं, तू बापाला दुकानात गुंतवून ठेव, आणि पहिल्यांदा त्यानं एकाच बाजूला मान हलवली. खिशातून तो मोबाईल काढू नका, लागायचा न्हाई. आत नेऊ देत न्हाईत. आता ह्या घटकेला ती संगणकापुढं बसलीय. काचेवर अवघड-अवघड शब्द यायलेत आणि एकेका शब्दामागून आपली माणसं यायलेत — वीरण्णा उदबत्ती विझवत, मालक भाव न सोडता, नागुबाई कण्हत, मी ओट्यावर. तुमी बी येणार, कुठंतरी. आता कोणत्या शब्दात येणार ते तिच्या हातात न्हाई, माझ्या बी हातात न्हाई. संध्याकाळच्या गाडीनं परत येईल, दारात चप्पल काढंल, तुमच्याकडं बघंल. तेव्हा तुमी काय कराल त्यावर हाय ते. न्यायचं तर न्या. तुमची लेक हाय. पेपर देऊन झाल्यावर महिनाभर न्या, दोन महिने न्या, मी पोळ्या बांधून देते. आजच्या दुपारच्या गाडीनं तेवढं न्हाई.

एवढं रागावू नका. आणि त्या डॉक्टरवर तर मुळीच न्हाई. तो भला माणूस, गोळ्या घ्या, परवा काढू म्हणत होता. मीच म्हणलं आजच काढा, पाव्हण्यांना लांब जायचंय. आणि बोळा तर — ते आता सांगूनच टाकते — अर्धाच तास म्हणला होता तो. तास माझा.

थुका आता. तिथं न्हाई, मोरीत. चूळ हलकी भरा. हां. झालं. आता बोला. मनात आलं ते बोला, मी ऐकते, पदर सावरून.

टेकलात परत लोडाला?

बरं. रेणुका, भाकरी राहू दे, यांना चावायचं न्हाई. दहीभात आण अण्णांना. मऊ कालव. आणि ती चिक्कीची ताटली उचल तेवढी.